आधी हरकत, मग अपील

घरपट्टीचे वाढीव बिल हातात पडले की नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरचा घरमालक सहसा तीन दारे ठोठावतो. पहिले वॉर्डातल्या नगरसेवकाचे, दुसरे ओळखीच्या वसुली लिपिकाचे. दोन्हीकडे 'बघू' एवढेच ऐकू आले की तिसरे वकिलाचे. जाणता वकील बिलाकडे फारसे बघतही नाही. तो एकच विचारतो : यादी लागली होती तेव्हा लेखी हरकत दिली होती का? बहुतेक प्रकरणे या प्रश्नापाशीच संपतात.

कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा या शहरांना लागू असलेला कायदा. त्याचे कलम १६९ करदात्याला अपिलाचा हक्क देते आणि पुढचेच कलम १७० त्या हक्काला तीन कुलपे लावते. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील दाखल व्हायला हवे. बिलातली रक्कम आधी पालिकेत भरलेली हवी. आणि आकारणी यादीवर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेतलेली हवी. पहिल्या दोन अटी उसनवारी करून, धावपळ करून पाळता येतात. तिसरी मागे जाऊन पाळता येत नाही. हा साचा जुना आहे. नंदुरबार खानदेश जिल्ह्यात होते तेव्हाच्या, १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यातही हीच १५ दिवसांची मुदत होती, पैसे आधी भरण्याची अट होती आणि हरकतीची पूर्वअटही होती. तेव्हा अपील दंडाधिकाऱ्यापुढे चाले. आता ते मालमत्ता कर अपील समितीपुढे जाते.

तेव्हा घरपट्टीचा वाद बिलापासून मोजायला घेतला की उशीर झालेलाच असतो. तो यादीपासून मोजायला हवा. 'यादी' म्हणजे काय, ती कशी तयार होते आणि तिच्यात चुका कुठे शिरतात, हे शहरातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पालिकाही ते सांगायला उत्सुक नसते.

कायद्याप्रमाणे दर चार वर्षांनी सगळ्या शहराची नवी आकारणी व्हावी लागते. बोलीभाषेत तिला 'चतुर्थ वार्षिक' म्हणतात. घरोघर मोजणी होते. हल्ली हे काम बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीला दिले जाते आणि तिची पोरे टेप किंवा लेझर मीटर, मोबाइल आणि छापील फॉर्म घेऊन फिरतात. त्यांच्या नोंदींवरून करयोग्य मूल्य ठरते. या कामावर नगररचना व मूल्यनिर्धारण खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो, कारण नगरपरिषदेने स्वतःच मोजावे, स्वतःच दर लावावा आणि स्वतःच वसूल करावे हे कायद्याला मान्य नाही. यादी तयार झाली की कलम ११९ प्रमाणे तिची जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी साधारण तीस दिवस मिळतात. ज्या घराची आकारणी पहिल्यांदाच होते आहे किंवा ज्याची रक्कम वाढली आहे, त्या घराच्या मालकाला किंवा भोगवटादाराला स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. यादी पाहण्याचा, तिच्यातला आपला उतारा लिहून घेण्याचा हक्क त्याला असतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

स्वतंत्र नोटीस ही करदात्याची सगळ्यात मजबूत बाजू आहे आणि तीच सगळ्यात हलगर्जीपणे हाताळली जाते. मालक सुरतेला नोकरीला, घराला कुलूप, नोटीस दाराच्या फटीतून आत. किंवा मालक वारलेला, नोंद अजून त्याच्याच नावावर, मुले वेगळी राहतात, नोटीस जुन्या पत्त्यावर. नंदुरबारच्या जुन्या पेठांत असे वारसनोंद न झालेले वाडे शोधावे लागत नाहीत. नोटीस मिळालीच नाही असे सिद्ध झाले तर तीस दिवसांचा हिशेब बदलू शकतो. पण हे पालिकेच्या आवक-जावक नोंदींवरूनच दाखवावे लागते, तोंडी सांगून भागत नाही.

आता आकड्यांकडे. पद्धत ऐकायला अवघड, करायला सोपी आहे. घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, हा पाया. त्यासाठी शहराचे झोन पाडतात, प्रत्येक झोनमध्ये बांधकामाच्या प्रकारानुसार दर चौरस मीटरला मासिक भाड्याचा दर ठरवतात. क्षेत्रफळ गुणिले दर गुणिले बारा, त्यातून दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजा. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर एकत्रित मालमत्ता कर आणि इतर करांच्या टक्केवाऱ्या बसतात.

समजा, एक घर ५० चौरस मीटरचे आहे, दर १५ रुपये आहे आणि सगळे कर मिळून ३० टक्के होतात. (हे दर उदाहरणापुरते आहेत, कोणत्याही पालिकेचे नाहीत.) वर्षाचे भाडेमूल्य ९,००० रुपये, १० टक्के वजा जाता ८,१००, आणि कर २,४३०. मोजणाऱ्याने समोरचा ओटा, बाहेरचा जिना आणि गच्चीवरचे पत्रे धरून तेच घर ६५ चौरस मीटर लिहिले तर कर ३,१५९ होतो. वर्षाला ७२९ रुपये जास्त, चार वर्षांत २,९१६. आणि पुढची यादी बहुधा जुन्या यादीवरूनच उचलली जाते, म्हणून चूक चार वर्षांत मरत नाही. त्याच घराच्या पुढच्या खोलीला कधीकाळी शटर लावले होते, दुकान केव्हाच बंद झाले, पण फॉर्मवर १० चौरस मीटर 'वाणिज्य' पडले आणि त्याला ४० रुपयांचा दर लागला, तर आणखी ८१० रुपये. दोन्ही चुका मिळून कर ४,००० च्या जवळ जातो. घर तेच, रस्ता तोच.

हरकती जिंकल्या जातात त्या इथे, अशा बारीक जागी. 'कर फार आहे', 'एवढी वाढ परवडत नाही', 'रस्ते खराब, गटारी तुंबलेल्या' ही वाक्ये हरकतीच्या अर्जांत सर्रास सापडतात. खरी असली तरी ती अर्जाला काही उपयोगाची नसतात. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यासमोर प्रश्न असतो तो या घराच्या मूल्याचा. गटारीच्या तक्रारीला तिथे जागा नसते. टिकणारे मुद्दे चार-पाचच आहेत : क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वय आणि झोन. या पाचांपैकी प्रत्येकाला पुरावा असतो आणि तो स्वस्त असतो.

नंदुरबारच्या संदर्भात बांधकामाच्या प्रकाराबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण खानदेशातल्या जुन्या घरांवर सगळ्यात मोठा अन्याय याच रकान्यात होतो. सोनार खुंट, घी बाजार, जळका बाजार या भागांत आजही मातीच्या भिंती, लाकडी सरे आणि धाब्याचे छत असलेली घरे आहेत. कुणी पुढची एक खोली पाडून स्लॅब टाकतो, मागे तसेच धाबे राहते. मोजणाऱ्या पोराला समोरून स्लॅब दिसतो आणि सगळे घर 'आरसीसी' होऊन बसते. काही घरांत माळा आहे. उभे राहता येत नाही इतका बुटका, वर जुनी पिंपे, मिरचीच्या गोण्या. तो 'पहिला मजला' म्हणून मोजला गेला तर क्षेत्रफळ दुप्पट. वयाची घट मागायची तर घर किती जुने ते दाखवावे लागते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या धाब्याच्या घराचा बांधकाम परवाना कुणाकडे असणार? तिथे जुना पालिका उतारा, वडिलांच्या नावाची पावती किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका कामी येते. म्हणून पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची घरपट्टीची पावती फेकू नये. ती घराच्या जन्मदाखल्यासारखीच आहे.

नव्या भागांतल्या चुका वेगळ्या. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, सरकारी कार्यालये आली, कर्मचारी आले आणि शहराच्या कडेच्या शिवारांत बिनशेती प्लॉटांच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. कॉलन्यांत नोंदीचा घोळ वेगळाच. एकाच प्लॉटला रिकाम्या जागेचा कर आणि घराचाही कर लागतो. नकाशात ५० मीटर आणि प्रत्यक्षात ६५, म्हणून 'अनधिकृत' असा शेरा पडतो. अनधिकृत बांधकामावर करासोबत शास्तीही लागते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. लोक याच ठिकाणी हमखास फसतात : वर्षानुवर्षे शास्ती भरून त्यांना वाटते की पालिकेने घर मान्य केले.

झोनचा वाद एकट्याने लढू नये. एकाच गल्लीतली समोरासमोरची घरे वेगवेगळ्या झोनमध्ये पडली असतील तर गल्लीतल्या पाच-सात जणांनी आपापल्या स्वतंत्र हरकती द्याव्यात आणि प्रत्येकीत बाकीच्यांच्या मालमत्ता क्रमांकांचा उल्लेख करावा. अमेरिकेत घरमालक अपिलाला जातो तेव्हा आसपासच्या सारख्या घरांच्या विक्रीच्या किमती मांडतो. आपल्याकडे किमतीचे नाव काढले की नोंदणीतली किंमत आणि खरी किंमत असा दुसराच वाद निघतो. आपला 'तुलनेचा' कागद म्हणजे शेजाऱ्याचा उतारा. यादी सर्वांना खुली असते, म्हणजे शेजाऱ्याच्या घराला लावलेला दरही खुलाच असतो. तो लिहून घ्यावा.

सुनावणी कशी होते? कायद्याची भाषा भारदस्त आहे, प्रत्यक्षात पालिकेच्या सभागृहात एका दिवसात शेकडो नावे पुकारली जातात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे. अधिकारी बाहेरगावचा, त्याच्यासमोर संगणकावरची एक ओळ, बाजूला कर विभागाचा लिपिक. या दोन मिनिटांत सासूच्या आजारपणापासून सुरुवात करणारा माणूस हरतो. जो म्हणतो, 'साहेब, तुमच्या यादीत ६५ मीटर आहे, हा माझा मंजूर नकाशा, ५०, आणि हे फोटो, मला फेरमोजणी हवी', त्याचे काम दोन मिनिटांत होते. फेरमोजणी मागणे हे सगळ्यात प्रभावी शस्त्र आहे, कारण तिला नकार देणे अधिकाऱ्याला अवघड जाते. हरकतीची पोच घ्यावी, सुनावणीत काय ठरले त्याची लेखी प्रत मागावी. ती आपण होऊन कुणी देत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून मोजणीचा मूळ फॉर्म मिळवता येतो आणि त्या फॉर्मवर बरेचदा घरमालकाची सही असते. ती सही 'मोजायला आले होते' म्हणून केलेली असते. कागदावर तिचा अर्थ 'मोजमाप मान्य' असा होतो. मोजणीच्या दिवशी सही करण्यापूर्वी आकडा वाचला तर पुढची निम्मी लढाई टळते.

यादी कायम झाल्यावरही मधल्या काळात दुरुस्तीची सोय आहे. घर पाडले, वाटणी झाली, वापर बदलला, तर नव्याने आकारणी मागता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मालमत्ता कराच्या सेवांची यादी अधिसूचित आहे : कर उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, वारसनोंद, फेरआकारणी, रहिवास नसलेल्या मालमत्तेला सूट, आक्षेप नोंदवणे. प्रत्येक सेवेला मुदत आहे आणि ती चुकली तर अपिलाची वेगळी वाट आहे. ही वाट मूल्यनिर्धारणाच्या अपिलापेक्षा कमी काट्यांची आहे, पण तिचा वापर छोट्या शहरांत नगण्य होतो. माजी सैनिकांसाठी राज्याने २०२० साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून मालमत्ता कराची माफी दिली. पात्र असूनही बिल भरत राहिलेले लोक आपल्या आसपास सहज सापडतील, कारण माफी आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो.

यादीवर मुदतीत हरकत घेतलेली असेल आणि ती फेटाळली गेली असेल, तर मग अपील. पैसे भरावे लागतात हे ऐकून अनेक जण तिथेच थांबतात. मला वाटते, हा हिशेब चुकीचा आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते. वाद चालू आहे म्हणून बिल न भरणारा माणूस शेवटी मूळ वादाच्या कित्येक पट रक्कम शास्तीत घालवतो. 'निषेध नोंदवून' असे लिहून भरावे आणि अपील लढावे, यात तोटा कमी. दिवाणी दाव्याचा रस्ता कायद्याने सहसा बंद केला आहे. मूल्य, आकारणी किंवा मागणी यांवरचा आक्षेप याच अधिनियमातल्या मार्गाने घ्यायचा असतो. वकिलाने थेट कोर्टात जायचा सल्ला दिला तर त्याला हे विचारावे.

न्यायालयांनी या विषयात पुष्कळ काही ठरवून ठेवले आहे आणि त्यातले दोन निकाल आपल्या अवतीभवतीचे आहेत. अहमदाबाद नगरपालिकेने भाड्याऐवजी सरळ जागेच्या किमतीच्या टक्क्यात कर लावला तेव्हा पटेल गोरधनदास हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. तेव्हा लागू असलेला कायदा मुंबई इलाख्यातलाच होता. पुढे अनेक वर्षे न्यायालयांची भूमिका अशी होती की घर भाडेनियंत्रणाखाली असेल तर प्रमाण भाड्यापेक्षा जास्त भाडेमूल्य धरता येणार नाही. त्याने जुन्या पेठांतल्या मालकांना आधार दिला आणि पालिकांना कंगाल केले. १९९४ साली बेळगावच्या श्रीकांत काशिनाथ जितुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की गोठवलेल्या भाड्यावर पालिकांचे उत्पन्न बांधून ठेवणे वास्तवाला धरून नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला. त्यातले काही नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल कायम ठेवला : उद्या किती मजले चढवता येतील यावर आज कर लावता येत नाही, आज जे आहे त्यावरच लावता येतो. हे तत्त्व नंदुरबारच्या मोकळ्या प्लॉटवाल्यानेही लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये तर घरांवरचा कर अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर चालतो. तिथे फेरमूल्यांकनाची हिंमत कुठल्याच सरकारला झालेली नाही.

हिंमत आपल्याकडेही कमीच. चतुर्थ वार्षिक आकारणीनंतर राज्यातल्या कित्येक शहरांत जे होते ते ठरलेले आहे. बिले दुप्पट-तिप्पट येतात, सर्वपक्षीय मोर्चा निघतो, निवेदन मंत्रालयात जाते, स्थगिती मिळते, फटाके वाजतात. स्थगिती हा राजकारणाचा विजय असतो, घरमालकाचा नव्हे. त्याच्या उताऱ्यात ६५ मीटर तसेच राहतात, शटर तसेच राहते, आणि स्थगिती उठली की तीच यादी परत येते. मोर्च्यात पुढे असलेल्यांपैकी कितींनी स्वतःच्या घराची लेखी हरकत दिली होती, हे कधी विचारून पाहावे. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर निवडून आलेले मंडळ नव्हते, प्रशासक होते. त्या काळात नगरसेवकाचे दार ठोठावण्याचीही सोय नव्हती. तेव्हा लेखी हरकत हाच एक मार्ग उरला होता आणि तोच सगळ्यात कमी वापरला गेला.

पालिकेची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा आढावा एकांगी होईल. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. त्यानंतर छोट्या शहराच्या हातात स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे एवढेच राहिले; बाकी सगळे अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातही अट घातली : मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढवत न्या, तरच अनुदान. म्हणजे घरपट्टी वाढवली नाही तर दिल्लीचा पैसाही अडतो. बिलात दिसणारा सगळा पैसा पालिकेचा नसतो हेही विसरले जाते. शिक्षण उपकर आणि दुकानांवरचा रोजगार हमी उपकर राज्याच्या तिजोरीत जातो, पालिका फक्त वसुलीची कारकून. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. 'मग आम्हाला का नाही?' हा नंदुरबारकराचा प्रश्न रास्त आहे. पण मुंबई महापालिकेच्या ठेवी आणि नंदुरबार नगरपरिषदेची तिजोरी यांत तुलना होत नाही. इथे लहान घरांना माफी दिली तर उरलेल्यांवर भार टाकावा लागेल आणि उरलेले थोडे आहेत. माफी मागण्यापेक्षा नोंदी नीट करून मागणे अधिक व्यवहारी आहे. शहरात किती मालमत्ता यादीबाहेर आहेत, किती मोठी व्यापारी संकुले घराच्या दराने भरतात, हे पालिकेने जाहीर केले तर निम्मा राग तिथेच विरेल.

नवापूरची गंमत वेगळी. तिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. सीमेच्या पलीकडे अहमदाबादने २००१ पासूनच भाड्याचे गणित सोडून क्षेत्रफळावर कर लावला; घराचे स्थान, वय, प्रकार आणि राहणारा मालक की भाडेकरू, यांचे ठरलेले गुणक. त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी आणि घरमालकाला स्वतः हिशेब करता येतो. आपल्या कायद्यातही भांडवली मूल्याचा पर्याय आहे. पण छोट्या शहरांना किमतीपेक्षा क्षेत्रफळाची पद्धत जास्त मानवेल असे माझे मत आहे. नवापूर, तळोद्यासारख्या शहरांत घरांचे भाडेव्यवहारच इतके कमी की 'वाजवी भाडे' हा आकडा बव्हंशी अंदाजच असतो.

या सगळ्या चर्चेत एक मोठा गट दिसत नाही : ज्यांना घरपट्टी हवी आहे असे लोक. गावठाणाच्या कडेला, नाल्याकाठी, सरकारी जागेवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी घरपट्टीची पावती हा वीजजोडणीचा, शाळेच्या दाखल्याचा, घरकुलाच्या अर्जाचा आधार असतो. ती माणसे हरकत घेत नाहीत, कारण हरकत घेतली तर नोंदच जाईल अशी धास्ती असते. ही धास्ती निराधार आहे. मोजमापावरची हरकत आणि जागेची मालकी हे वेगळे विषय आहेत. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी : घरपट्टी नावावर झाली म्हणून जागा नावावर होत नाही. जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ खाली परवानगी लागते. नुसत्या पालिका उताऱ्यावर घर विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शहराच्या हद्दीबाहेर कायदा बदलतो. अक्कलकुवा, प्रकाशा, खांडबारा इथे ग्रामपंचायत आहे. तिथली घरपट्टी २०१५ च्या अखेरीस नियम बदलल्यापासून क्षेत्रफळाऐवजी मूल्यावर ठरते आणि अपील पंचायत समितीकडे, पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाते. धडगाव मात्र वडफळ्या आणि रोषमाळ बुद्रुकसह नगरपंचायत झाले, त्यामुळे तिथे १९६५ चाच अधिनियम. हद्दवाढीत आलेल्या घरमालकांनी आपण कोणत्या कायद्यात आहोत हे आधी तपासावे, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर पडून मुदत जाते.

थकबाकी आधीच साचली असेल त्यांच्यासाठी राज्याने २०२५ साली नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत शास्ती माफीची अभय योजना आणली. राष्ट्रीय लोकअदालतीतही अशी प्रकरणे तडजोडीला ठेवली जातात. दोन्हींत शास्ती कमी होऊ शकते, चुकलेले क्षेत्रफळ दुरुस्त होत नाही. ते काम वेगळ्या अर्जाने करून घ्यावे लागते.

तेव्हा बिलाची वाट पाहू नका. या महिन्यात पालिकेच्या कर विभागात जाऊन आपल्या घराचा उतारा घ्या, त्यातले क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष घरी टेप लावून तपासा. काही चुकले असेल तर आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढची चतुर्थ वार्षिक यादी कधी लागणार आहे तेही लिहूनच विचारा.